पॅसेंजर बंद झाली तर बदली बस द्यायची जबाबदारी कुणाची, रेल्वेची की राज्याच्या परिवहन मंडळाची?

कायद्याने विचाराल तर कुणाचीच नाही. रेल्वे केंद्राची, बस राज्याची. मध्येच गाडी अडकली तर रेल्वे प्रवाशांसाठी बस मागवते, पण गाडी किंवा थांबा कायमचा काढला तर बदली बस द्या असं तिला बांधणारं कलम 1989 च्या रेल्वे कायद्यात नाही. परिवहन मंडळांच्या 1950 च्या कायद्यात कलम 18 म्हणतं, पुरेशी आणि किफायतशीर सेवा द्या. कलम 22 म्हणतं, धंद्याच्या हिशेबाने चाला. डेपोत फक्त 22 पाठ असतं.

आता आमचं सांगतो. मी खानापूर तालुक्यातला, बेळगाव-लोंढा लाईनवरच्या एका लहान स्टेशनाजवळचा. नाव मुद्दाम देत नाही. मार्च 2020 मध्ये देशभरच्या गाड्या थांबल्या. नंतर पॅसेंजर ‘स्पेशल’ होऊन परत आल्या, कमीत कमी तिकीट दहाचं तीस झालं, आणि आमचा थांबा गेला तो गेलाच. फेब्रुवारी 2024 मध्ये तिकीट परत दहावर आलं. थांबा आला नाही.

आई सकाळच्या गाडीने बेळगावला रताळी, पालेभाजी, मे महिन्यात करवंदं-फणस न्यायची. बुट्टी म्हणजे टोपली दाराजवळ, आई बुट्टीजवळ. सेकंड क्लासला माणशी 35 किलो सामान फुकट असतं हे तिला आजही माहीत नाही, कारण कधी कुणी वजनच केलं नाही.

आम्ही निवेदन घेऊन फिरलो. रेल्वेच्या एका साहेबांनी सांगितलं, बस हा राज्याचा विषय. डेपोत सांगितलं, थांबा बंद झाल्याचं रेल्वेचं पत्र आम्हाला आलेलं नाही. गाडी समोरून धडधडत निघून जाते हे अख्ख्या गावाला दिसतं, यांना पत्र पाहिजे! वर अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले. बाहेर पडताना आमचे दाजी म्हणाले, “मराठी गाव म्हणूनच देत नाहीत बघ.” माझं कन्नड बरं आहे. घरी बसून लिहिलं, नेऊन दिलं. त्यालाही उत्तर नाही. सीमाभागात भाषेवरून अन्याय होतो, नाही असं मी म्हणत नाही, पण प्रत्येक रिकाम्या रस्त्याला तेच कारण लावलं की डेपोवाल्यांचं आयतंच फावतं.

शेवटी 2023 च्या पावसाळ्यानंतर बस आली. सकाळी साडेनऊला! गाडी यायची साडेसहाला. उन्हं वर आल्यावर बुट्टी घेऊन बाजारात जाऊन काय, उरलेल्यांची तोंडं बघायची? शाळा-कॉलेजची पोरंही तोवर गेलेली. त्याच वर्षी 11 जूनपासून कर्नाटकात बायकांना फुकट बसची शक्ती योजना सुरू झाली होती, त्यामुळे आईचं तिकीट शून्य. पण बुट्टीचं तिकीट वेगळं आणि कंडक्टरची कुरकुर वेगळी. महिन्याभरात बस बंद. उत्पन्न नाही म्हणे.

मग दाजींनी सूर बदलला. “बस दिली तर तुमचीच माणसं बसली नाहीत की.” हे वाक्य त्यांनी दोन लग्नांत, एका बारशात आणि गेल्या गणपतीत आरती संपता संपता ऐकवलंय. दाजी, वाचत असाल तर ऐका. त्याच महिन्यात फाट्यावर सकाळी वडापला, म्हणजे खाजगी जीपला, लोंबकळणारी माणसं मी आठवडाभर वहीत लिहिली. एक दिवसही वीसच्या खाली नाहीत. वही घरात आहे, या आणि बघा. आणि त्या फाट्यावरची एक जीप तुमच्या भावाची आहे, हेही मी वहीत लिहिलंय.

तर तुम्ही जबाबदारी कुणाची याचा शोध सोडा. थांबा काढल्याचा आदेश रेल्वेकडून माहिती अधिकारात मागा आणि तोच कागद डेपोच्या टेबलावर ठेवा. अर्जात ‘बस द्या’ एवढंच लिहू नका, ‘सव्वासहाला द्या’ लिहा. बायकांना सांगा, शून्याचं तिकीटही मागून घ्या. सरकार मंडळाला पैसे त्या तिकिटांवरच देतं. हे सगळं आम्हाला उशिरा सुचलं.

एक राहिलं. आमची लाईन चालू आहे, फक्त थांबा गेला. तुमची लाईनच बंद असेल तर प्रकरण मोठं. शिवाय रायबाग, कुडचीकडच्यांना हे लागू नाही. त्यांना दवाखान्याला मिरज गाठायचं असतं. राज्य ओलांडणाऱ्या बसला मोटार वाहन कायद्याच्या कलम 88 खाली दोन्ही सरकारांचा करार लागतो, आणि सीमावाद पेटला की पहिली बस थांबते. डिसेंबर 2022 मध्ये तेच झालं. मिरजेची रेल्वे मात्र तेव्हाही चालू होती. तिकडच्यांनी बस मागूच नये, पॅसेंजरच मागावी.