खडकाळ, दगडी की पाषाणदेही? जिओड्यूडच्या निमित्ताने

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मुलाने वर्गाच्या हस्तलिखितासाठी ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ खेळांच्या मालिकेतील जिओड्यूड नावाच्या प्राण्यावर टिपण लिहिले आणि त्यात ‘जिओड्यूड हा खडकाळ शरीराचा, खडक प्रकारचा प्राणी आहे’ असे वाक्य घातले. आजोबांना ‘खडकाळ’ खटकले व त्यांनी ‘पाषाणदेही’ सुचवले. वडिलांनी ‘अश्मजीव’ असा नवा शब्द घडवला. मुलाचे म्हणणे असे, की सगळे मित्र ‘रॉक टाइप’ म्हणतात तर तेच ठेवावे. यांपैकी योग्य काय, आणि अशा प्राण्यांची नावेही मराठीत आणता येतील का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. रानावनात भेटणारे काल्पनिक प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे, असे या मालिकेचे स्वरूप असून तिचे पहिले खेळ १९९६ साली जपानमध्ये आले. त्यांतील प्राण्यांच्या यादीत जिओड्यूडचा क्रमांक ७४ आहे. डोळे, तोंड आणि दोन बळकट हात असलेला, पाय नसलेला करडा दगड असे त्याचे रूप, उंची ०.४ मीटर आणि वजन २० किलो. तो डोंगरवाटांवर पडून असतो, लोक त्याला साधा दगड समजून त्याच्यावर पाय देतात आणि मग तो चिडतो, असे खेळातील प्राणिकोशात म्हटले आहे. पुढे त्याचे रूपांतर १०५ किलोच्या ग्रॅव्हलरमध्ये आणि त्यानंतर ३०० किलोच्या गोलेममध्ये होते. खेळातील प्रत्येक प्राणी एका किंवा दोन गटांत मोडतो; या तिघांचे गट इंग्रजीत ‘रॉक’ आणि ‘ग्राउंड’ असे आहेत.

या प्रश्नाची सगळी अडचण इंग्रजीतील ‘रॉक’ या शब्दाच्या ऐसपैसपणातून आली आहे. समुद्रात ठाण मांडून बसलेला कातळही ‘रॉक’ आणि मुलाने खिडकीवर भिरकावलेला दगडही बोलीत ‘रॉक’. मराठीत या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते सहसा चुकत नाही. खडक हा जमिनीशी जखडलेला असतो. तो जागचा हलत नाही, त्यावर चढतात, त्यात खोदतात, त्याला सुरुंग लावतात. दगड हा सुटा असतो. तो उचलतात, फेकतात, रचतात, घडवतात. वांद्र्याच्या बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी उघडे पडतात ते खडक, आणि तेथे बसून मुले पाण्यात मारतात ते दगड. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे बेसाल्टच्या उभ्या स्तंभांचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा खडक आहे. तिला कोणी दगड म्हणणार नाही. उलट एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या मोठ्या इमारतींसाठी मालाड आणि कुर्ला येथील खाणींतून जो माल आला, तो खाणीतून सुटा होताक्षणी ‘मालाडचा दगड’ आणि ‘कुर्ल्याचा दगड’ झाला. पदार्थ तोच, पण शब्द बदलला, कारण तो जागेवरून हलला.

हा फरक लेण्यांच्या संदर्भात फार स्पष्ट दिसतो. कान्हेरीची लेणी आपण ‘खडकात खोदलेली’ म्हणतो आणि घारापुरीची त्रिमूर्ती ‘खडकात कोरलेली’ म्हणतो, कारण ती अजून डोंगराचाच भाग आहे. मात्र देवळाच्या गाभाऱ्यात बाहेरून आणून बसवलेली मूर्ती ‘दगडी’ किंवा ‘पाषाणाची’ असते. बोलताना कोणी त्रिमूर्तीलाही दगडी म्हटले तर ते चूक नाही, कारण तेथे पदार्थ सांगायचा असतो. पण खडक फेकला किंवा खडक खिशात घातला असे मात्र कोणी म्हणत नाही.

आता ‘खडकाळ’कडे वळू. नामाला ‘आळ’ प्रत्यय लागला की त्या वस्तूची विपुलता दाखवली जाते: डोंगराळ प्रदेश, केसाळ कुत्रा, रसाळ आंबा, दुधाळ म्हैस. डोंगराळ प्रदेशात डोंगर पुष्कळ असतात, तो डोंगराचा बनलेला नसतो. केसाळ कुत्र्याला केस पुष्कळ असतात, तो केसांचा बनलेला नसतो. त्याच न्यायाने खडकाळ म्हणजे ज्यात जागोजागी खडक आहेत असे, आणि म्हणून हे विशेषण जमिनीला, किनाऱ्याला, वाटेला लागते. जिओड्यूड ज्या वाटेवर भेटतो ती वाट खडकाळ. तो स्वतः खडकाळ नव्हे. आजोबांचा कान बरोबर आहे.

पदार्थ सांगायचा असेल तर मराठीत सरळ ‘ई’ प्रत्यय आहे: लाकडी, लोखंडी, सुती, आणि दगडी. भायखळ्याची दगडी चाळ, दगडी उंबरा, दगडी पाटा. (‘दगडी कोळसा’ हा याला अपवाद दिसतो, कारण तो दगडाचा बनलेला नसून दगडासारखा खाणीतून निघतो, पण तो अपवाद इतका रूढ आहे की त्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही.) म्हणून मुलाच्या वाक्यात ‘दगडी अंगाचा’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत योग्य वाटतो. ‘शरीराचा’पेक्षा ‘अंगाचा’ बरा, कारण मराठीत काटक अंगाचा, भरल्या अंगाचा, सडसडीत अंगाचा अशी वर्णनाची घडण मुळातच आहे आणि ‘दगडी अंगाचा’ तिच्यात न अडखळता बसतो.

‘पाषाणदेही’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मारुतीला आपण ‘वज्रदेही’ म्हणतो. त्याच घाटाचा हा शब्द आहे. पण ‘पाषाण’ला मराठीत एक भारदस्तपणा चिकटला आहे: पाषाणहृदयी, काळा पाषाण, देवाचा पाषाण. गुडघ्याएवढ्या, वाटेत आडवे पडून लोकांना ठेच लावणाऱ्या प्राण्याला तो शब्द मोठा होतो. साखळीत जोडलेल्या खडकांच्या सापासारखा दिसणारा ऑनिक्स याच खेळात आहे, त्याची लांबी ८.८ मीटर आहे. त्याच्या वर्णनात ‘पाषाणदेही’ शोभून दिसेल. आजोबांनी तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. ‘शिळा’ हा शब्द कोणी सुचवलेला नाही हे बरेच झाले, कारण ‘शिळा प्राणी’ असे लिहिले तर वर्गातली मुले त्याला कालच्या भातात जमा करतील.

‘अश्मजीव’ हा शब्द कल्पक असला तरी तो वापरू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण खेळातच आहे. मराठीत फॉसिलला ‘जीवाश्म’ हा शब्द रूढ आहे. या मालिकेत जीवाश्मांपासून पुन्हा जिवंत केलेले प्राणीही आहेत. ओमनाइट, काबुतो आणि एरोडॅक्टिल हे १९९६च्या पहिल्या खेळांतले, आणि ते तिघेही नेमके याच ‘रॉक’ गटातले. अशा ठिकाणी दोन घटकांची केवळ अदलाबदल केलेले ‘अश्मजीव’ आणि ‘जीवाश्म’ हे शब्द शेजारी शेजारी आले, तर वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागेल. जिओड्यूड जीवाश्मातून आलेला नाही, आणि तो तसा वाटू नये एवढी काळजी शब्दाने घ्यायला हवी.

गटाच्या नावासाठी मात्र ‘दगड’ नको, ‘खडक’च हवा, आणि येथे मूळ जपानी शब्द आपल्या बाजूने उभे राहतात. जपानीत या गटाचे नाव ‘इवा’, म्हणजे खडक. जिओड्यूडचे जपानी नाव मात्र ‘इशित्सुबुते’, आणि त्यातील ‘इशि’ म्हणजे दगड. म्हणजे इंग्रजीने जो फरक पुसला तो जपानीत जागेवर आहे आणि मराठीत तो जसाच्या तसा उतरतो: गट खडकाचा, प्राणी दगडाचा. गटांचा आपसातला संबंधही याला जुळतो. जिओड्यूड, ग्रॅव्हलर आणि गोलेम यांना पाणी आणि गवत या गटांच्या माऱ्याचा चौपट फटका बसतो. शाळेच्या भूगोलात पाणी आणि झाडांची मुळे यांनी खडकाचे विदारण होते असे आपण शिकतो, आणि खेळाची ही योजना त्याच ओळीतली वाटते.

पण ‘खडक प्रकार’ लिहू नये. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘खडकांचे प्रकार’ म्हणजे अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. त्यामुळे ‘जिओड्यूड हा कोणत्या खडक प्रकारचा आहे’ असे वाचून एखादा हुशार विद्यार्थी ‘अग्निजन्य’ असे उत्तर देईल, आणि सह्याद्रीच्या बेसाल्टकडे पाहिले तर त्याला चूकही म्हणता येणार नाही. ‘जात’ हा शब्द वनस्पतींना चालतो, पण येथे नको वाटतो. ‘गट’ हा शब्द रक्तगट, वयोगट यांमुळे मुलांच्या परिचयाचा आहे आणि एकच प्राणी दोन गटांत असणे त्यात खपून जाते. म्हणून ‘खडक गट’ आणि ‘जमीन गट’. मित्रांशी बोलताना मुलगा ‘रॉक टाइप’ म्हणत असेल तर त्याला अडवण्याचे कारण नाही. मराठी हस्तलिखितात एकदा ‘खडक गट’ लिहून पुढे तोच शब्द पाळला म्हणजे झाले.

गट आणि रूप यांची गल्लत होऊ नये यासाठी सुडोवूडोचे उदाहरण पुरेसे आहे. हा प्राणी हुबेहूब झाडासारखा दिसतो, पण तो खडक गटातला आहे आणि पाण्याला घाबरतो. त्याचे जपानी नाव ‘उसोक्की’ हे ‘खोटे’ आणि ‘झाड’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून घडले आहे. त्याला कोणी खडकाळ म्हणणार नाही. ‘झाडाचे सोंग घेतलेला दगड’ हे वर्णन त्याला चपखल बसते.

आता नावे. हस्तलिखितात अधिकृत नावे देवनागरीत तशीच लिहावीत, कारण वाचणारी मुले त्यांना त्याच नावांनी ओळखतात. तरीही मराठी नावे करून पाहण्यात गैर काही नाही, कारण खेळाच्या निर्मात्यांनी स्वतःच इतर भाषांत नावे बदलली आहेत: जर्मनमध्ये जिओड्यूड ‘क्लाइनश्टाइन’, म्हणजे छोटा दगड, तर फ्रेंचमध्ये ‘राकायू’ आहे, ज्यात ‘कायू’ म्हणजे गोटा. मराठीला तर येथे काहीच घडवावे लागत नाही. आपल्याकडे मुले जगत नसत तेव्हा पुढच्या मुलाला काळाने टाकाऊ समजून सोडून द्यावे म्हणून दगडू किंवा धोंडू असे नाव ठेवीत. वाटेवर दुर्लक्षित पडलेल्या, कोणीही पाय द्यावा अशा या प्राण्याला ‘दगडू’ हे नाव इतके नेमके बसते की इंग्रजी नावातील ‘ड्यूड’ची सलगीसुद्धा त्या ‘ऊ’मध्ये येऊन जाते.

जपानी नावाच्या दुसऱ्या भागातही गंमत आहे. ‘त्सुबुते’ म्हणजे नुसता दगड नव्हे, तर फेकण्यासाठी हातात घेतलेला दगड. त्याच्या अगदी जवळ जाणारा मराठी शब्द म्हणजे गोफणगुंडा. शेतात पाखरे हाकण्याची गोफण मुंबईतल्या मुलांनी पाहिलेली असण्याची शक्यता कमी आहे, म्हणून नाव म्हणून मी ‘दगडू’लाच पसंती देईन, पण टिपणात एकदा तरी ‘गोफणगुंड्यासारखा’ हा शब्द यावा असे मनापासून वाटते.

ग्रॅव्हलरच्या बाबतीत इंग्रजी नावाच्या मागे जाऊ नये. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे खडी, रेल्वेच्या रुळांखाली पसरतात ती. आणि १०५ किलोच्या प्राण्याला खडीवरून नाव देणे मराठीत हास्यास्पद होईल, कारण आपली चढण खडा, गोटा, दगड, धोंडा अशी आहे आणि खडी तिच्या तळाशी येते. त्याचे जपानी नाव ‘गोलोन’, आणि त्यापुढच्याचे ‘गोलोन्या’, ही ‘गोरोगोरो’ या ध्वनिवाचक शब्दाशी जोडलेली आहेत. हा शब्द जपानीत दोन आवाजांसाठी वापरतात: दगड घरंगळण्याच्या आणि ढग गरजण्याच्या. मराठीतही दगड गडगडत खाली येतो आणि आभाळही गडगडते. प्राणिकोशानुसार ग्रॅव्हलर वाटेतील दगड खात खात डोंगर चढतो आणि माथ्यावर पोहोचला की घरंगळत पायथ्याशी येतो. त्याचे नाव ‘गडगड्या’ याहून वेगळे काय असणार? गोलेम हे नाव ज्यू लोककथांतील मातीच्या सजीव पुतळ्यावरून आलेले असल्यामुळे ते तसेच ठेवावे.

वर्णनासाठी क्रियापदे निवडतानाही दगडाची स्वतःची क्रियापदे घ्यावीत. दगडी अंगाला जखम होत नाही. त्याला तडा जातो, त्याचा टवका उडतो, त्याची कपची निघते, कडा झिजतात. प्राणिकोशाच्या एका नंतरच्या नोंदीत म्हटले आहे, की जिओड्यूड जितका जुना होतो तितक्या त्याच्या कडा झिजून तो गोल होत जातो, पण त्याचे मन कायम कठीण आणि खडबडीत राहते. अशा माणसासाठी आपल्याकडे ‘नर्मदेतला गोटा’ हा वाक्प्रचार आहे: वर्षानुवर्षे पाण्यात राहून बाहेरून गुळगुळीत झालेला, आतून मात्र कोरडाच.

एक व्याकरणाचा मुद्दा उरतो. या मालिकेत १९९९च्या खेळांपासून प्राण्यांना नर-मादी असा भेद आला आणि जिओड्यूड दोन्ही असू शकतो. लेखनात मात्र सर्वत्र ‘तो’ चालेल. ‘उंदीर’ किंवा ‘गरुड’ लिहिताना आपण जसे व्याकरणाचे लिंग पाळतो तसेच. मादीचा उल्लेख मुद्दाम करायचा असेल तर ‘मादी जिओड्यूड’ लिहावे, आणि मराठी नाव हवेच असेल तर दगडाबाई आणि धोंडाबाई ही दोन्ही नावे आपल्याकडे तयारच आहेत.