दुर्लक्षित की उपेक्षित? आणि स्मृती की आठवण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कलाप्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करायचा आहे. इंग्रजीवरून पहिला खर्डा झाला तो असा: ‘स्मृती आणि दुर्लक्षित इतिहासांचा शोध घेणारे समकालीन मिश्र-माध्यम कलाकार’. विचारणाऱ्यांना शंका आहे ती फक्त ‘मिश्र’ की ‘मिश्रित’ एवढीच. मला विचाराल तर या ओळीत सगळ्यात कमी त्रासाचा शब्द तोच आहे. म्हणून आधी तो उरकून टाकू.

‘मिश्र’च लिहा. मिश्र पीक, मिश्र विवाह, मिश्र धातू हे शब्द रुळलेले आहेत. ‘मिश्रित’ म्हटलं की पाणीमिश्रित दूध आठवतं आणि भेसळीचा वास येऊ लागतो. चित्राखालच्या पट्टीवरही ‘मिश्र माध्यम’ असंच छापतात. खरी अडचण ‘माध्यम’ आणि ‘कलाकार’ हे शब्द शेजारी आल्यावर होते. माध्यम म्हटलं की मराठी माणसाला आधी शाळा आठवते, आणि कलाकार म्हटलं की मालिकेतला नट. ‘मिश्र-माध्यम कलाकार’ वाचून कोणाला सेमी इंग्रजीत शिकलेला नट डोळ्यांपुढे आला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही. ‘मिश्र माध्यमांत काम करणारे चित्रकार-शिल्पकार’ असं सरळ लिहावं, किंवा ‘दृश्यकलावंत’. वस्तू मांडून उभ्या केलेल्या कामांसाठी ‘मांडणशिल्प’ हा फार चांगला शब्द मराठीत आहे, तो जरूर वापरा.

आता ‘दुर्लक्षित’. दुर्लक्ष केलं जातं तसं ते होतंही. गॅसवरच्या दुधाकडे दुर्लक्ष झालं असं आपण म्हणतो, आणि त्यात आपला काही हेतू नसतो. दुधाची ‘उपेक्षा’ मात्र कोणी करत नाही. उपेक्षा माणसाची होते, गुणांची होते, एखाद्या भागाची होते, आणि ती करणारा कोणीतरी असतो. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला ‘उप’ लागला की पाहणं राहतं, पण नुसतं पाहणंच राहतं. नजर पडलेली असते आणि हात हललेला नसतो. (बौद्ध परिभाषेत हीच उपेक्षा मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंगतीला बसते. तिथे तिचा अर्थ समचित्तता. शब्द एकच, पण विहारात तो सद्गुण आणि वर्तमानपत्रात तक्रार.)

हा फरक कीस काढण्यापुरता नाही, हे दाखवायला एक काम पुरेसं आहे. जानेवारी 1993 च्या मुंबईतल्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचं छायाचित्र होशी जाल यांनी टिपलं, आणि ते टाइम्स ऑफ इंडियात छापून आलं. दृश्यकलावंत विवान सुंदरम यांनी ते छायाचित्र घेऊन त्याच वर्षी ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प उभं केलं. त्याच्या प्रती काढल्या आणि त्यांत खिळे ठोकले. सोबत पत्र्याच्या ट्रंका रचून केलेली कमान. ज्या ट्रंकेत माणूस गावाहून सामान घेऊन शहरात येतो, तीच. कागदाला भोकं पाडून आत शिरलेला खिळा छायाचित्र नुसतं बघू देत नाही, नजर अडते. आता या माणसाचा इतिहास ‘दुर्लक्षित’ म्हणायचा का? त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही असं कसं म्हणता येईल? सकाळच्या चहाबरोबर कितीतरी घरांत तो पाहिला गेला होता. पाहून पान उलटलं गेलं. याला उपेक्षाच म्हणतात, अगदी धातूच्या अर्थानं.

‘वंचित’ हा तिसरा शब्द काही जण सुचवतील. त्याचं मूळ ‘वञ्च्’, म्हणजे फसवणे. वंचना शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. वंचित म्हणजे ज्याच्या वाट्याचं त्याला मिळालं नाही असा, म्हणून तो माणसांनाच शोभतो. ‘वंचितांचा इतिहास’ ठीक, ‘वंचित इतिहास’ नाही.

जाता जाता ‘इतिहासांचा’विषयी. व्याकरणात चूक नाही, पण कानाला इंग्रजी अनेकवचन लगेच ऐकू येतं. मराठीत इतिहास एकच असतो, आपण त्याच्या बाजू, पानं, कोपरे मोजतो. ‘इतिहासातल्या उपेक्षित बाजू’ म्हटलं की काम झालं.

‘स्मृती’वर माझा आक्षेप सगळ्यात मोठा आहे. हा शब्द वाईट नाही. स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह, स्मृतिभ्रंश अशा समासांत तो चोख बसतो (समासात ‘ति’ ऱ्हस्व, एकटा असताना ‘स्मृती’ दीर्घ, पत्रकात हे सांभाळा). पण एकटा आला की त्याच्या अंगावर शाल-श्रीफळ असतं. स्मृतींना उजाळा, स्मृतीस अभिवादन! वाचणारा मनातल्या मनात उभा राहतो आणि पुढचं वाचायचं सोडून देतो.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. श्रुतीच्या जोडीला येते ती स्मृती म्हणजे धर्मशास्त्राचा ग्रंथ. महाराष्ट्रात या शब्दाचा हा अर्थ पोथीत पडून राहिलेला नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली ती एक स्मृतीच होती. त्याच वर्षी 20 मार्चला बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी महाडच्याच चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचं एक काम याच प्रसंगावर उभं आहे: काचेचे पेले, त्यांत पाणी आणि पंचगव्य, आणि पाण्याची जात कोणती असा प्रश्न शीर्षकातच. दलित आत्मकथनांत भुकेचे आणि अन्नाचे जे प्रसंग येतात, ते त्यांनी पाककृतींसारखे, वाचणाऱ्याला उद्देशून पुन्हा लिहिले आहेत. पाककृतीच्या आज्ञार्थी क्रियापदांत भूक घातली की काय होतं, ते वाचूनच बघावं. अशा कामाशेजारच्या पाटीवर ‘स्मृतीचा शोध’ लिहिणं म्हणजे जे जाळलं तेच पुन्हा शोधायला निघाल्यासारखं होईल.

‘आठवण’ लिहा. घरगुती वाटेल अशी भीती नको, कारण हा शब्द क्रियापदांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. आठवण आपसूक येते. ती काढताही येते, ठेवताही येते. आणि आपल्याला ती नको असली तरी दुसरा कोणी आठवण करून देतो. खिळे ठोकलेलं छायाचित्र आणि पंचगव्याचे पेले हे शेवटचं काम करतात. ‘स्मृती’ला एवढी क्रियापदं नाहीत. ती फार तर जागवता येते आणि जपता येते.

माध्यमाच्या पाटीबद्दल एक सूचना, कारण तिथे हमखास घोळ होतो. प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा तालुक्यातलं सास्ती हे त्यांचं गाव, आणि त्यांच्या घरच्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. ते भिंतीवर मोठाली चित्रं काढतात, त्यांना शिल्पांची आणि एकेक चौकट जुळवून केलेल्या चलत्चित्रांची जोड देतात. माणसाच्या धडावर खाणीतलं यंत्र किंवा अवजार बसलेल्या त्यांच्या आकृती एकदा पाहिल्या की डोक्यातून जात नाहीत. त्यांच्या कामाखाली ‘माध्यम: कोळसा’ एवढंच छापलंत, तर वाचणारा तो खाणीतलाच समजेल. चित्र काढायचा कोळसा लाकूड जाळून केलेला असतो. त्याला मराठीत ‘लोणारी कोळसा’ म्हणतात, आणि खाणीतल्याला ‘दगडी कोळसा’. कलाशाळांत सगळे ‘चारकोल’ म्हणतात, तेही चालेल. पण नुसतं ‘कोळसा’ नको. खाणीच्या गावातला माणूस खाणीबद्दल बोलताना हातात धरतो तो लाकडाचा कोळसा, हे पाहणाऱ्याला कळायला हवं.

तर माझ्या मते ओळ अशी होईल: ‘आठवणींचा आणि इतिहासातल्या उपेक्षित बाजूंचा धांडोळा घेणारे, मिश्र माध्यमांत काम करणारे दृश्यकलावंत’. ‘शोध’च्या जागी ‘धांडोळा’ घातलाय, कारण शोध लागतो आणि संपतो. धांडोळा घेताना काय हाती लागेल याची खात्री नसते. ‘समकालीन’ गाळलाय. पत्रकात प्रत्येकाच्या नावापुढे जन्मसाल असेलच.