व्हिक्टोरियन काळातले शास्त्रज्ञ एकमेकांना पत्रांतून प्रयोग कळवत. छापील निबंधात नसलेलं असं त्यांत काय असायचं?

फजिती, चिडचिड आणि घाण वास! मी बरीच वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, म्हणून मला सगळ्यात जवळची वाटतात ती चार्ल्स डार्विन आणि जोसेफ हूकर यांची पत्रं. त्यातली १८५५ सालची आधी वाचा.

हूकर लंडनजवळच्या क्यू उद्यानातला वनस्पतीशास्त्रज्ञ, डार्विन केंटमधल्या डाउन गावी घरी बसलेला. प्रश्न असा, की भर समुद्रातल्या बेटांवर झाडं पोचली कशी? पूर्वी तिथवर जमीन होती, ती मागाहून बुडाली, असं बरेच जण मानत. डार्विनला ते पटेना. त्याने खारं पाणी तयार केलं आणि बाटल्यांत बिया टाकल्या: अळीव, मुळा, कोबी, लेट्यूस, गाजर, कांदा. म्हणजे निम्मी भाजी मंडईच की! अळीव आठवड्यात मरतील, अशी हूकरची अटकळ होती. २१ दिवसांनी ते छान उगवले. हूकरने चूक कबूल केल्यावर डार्विन पत्रात खूश होऊन लिहितो, की घरातली पोरंसुद्धा सारखी विचारत होती, तुम्ही डॉक्टर हूकरना हरवणार ना? जवळजवळ सगळ्या बियांच्या, आणि खास करून अळीवाच्या पाण्याला फार घाण वास येत होता, हेही त्याच पत्रव्यवहारात सापडतं.

मग पुढची गंमत. बिया खाऱ्या पाण्यात जगतात खऱ्या, पण तळाशी बसतात. बुडालेलं बी बेटावर जाणार कसं? त्यावर डार्विन वैतागून लिहितो, की या कृतघ्न कारट्यांना खारवायची एवढी खटपट फुकट गेली. (शब्द माझे, वैताग त्याचा.)

यातून मार्ग निघाला तो वाळवण्याचा. पिकलेली ताजी हेझलनट लगेच बुडाली. वाळवल्यावर तीच ९० दिवस तरंगली आणि नंतर पेरली तर रुजलीही. फळांसकट वाळवलेल्या ९४ झाडांपैकी १८ झाडं २८ दिवसांहून जास्त तरंगली. आधीच्या प्रयोगात ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांच्या बिया तेवढेच दिवस भिजूनही उगवल्या होत्या. या दोन्हींचा गुणाकार करून शेकडा १४ हा आकडा निघाला, म्हणजे शंभरातल्या १४ झाडांच्या बिया २८ दिवस तरंगूनही रुजू शकतील. अटलांटिकचा प्रवाह दिवसाला सरासरी ३३ मैल, म्हणजे २८ दिवसांत ९२४ मैल. डार्विनच्या १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात हे आकडे आहेत. सडका वास आणि पोरांचा प्रश्न मात्र त्या पुस्तकात नाही.

मला स्वतःला त्याहून आवडतं ते मेलेलं कबूतर. ते ३० दिवस खाऱ्या पाण्यावर तरंगवलं, आणि त्याच्या गळ्याच्या पिशवीतल्या जवळजवळ सगळ्या बिया रुजल्या! ही बातमीसुद्धा हूकरलाच कळवलेली.

नुसती पत्रंच यायची असंही नाही. पक्षीतज्ज्ञ आल्फ्रेड न्यूटनने डार्विनला तितराचा एक पाय पाठवला होता. त्याला घट्ट मातीचा गोळा चिकटलेला, वजन साडेसहा औंस, आणि तीन वर्षं तसाच पडून असलेला. डार्विनने तो फोडला, पाणी घातलं, वर काचेची हंडी झाकली. त्यातून ८२ रोपं आली.