पहिल्यांदा व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हलला जातेयस ना, मग हे वाच

बाळा,

परवा तुझा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो म्हणून नुसता अंगठा पाठवला, पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय आणि फोनवर हे सगळं धड बोलणं होणार नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. तू लिहिलंयस, काका मला त्या जुन्या कॉम्प्युटरच्या फेस्टिव्हलला जायचंय पण मी २००२ ची, यातलं एकही मशीन मी वापरलेलं नाही, तिथे सगळे साठीचे लोक असणार, मी जाऊन बोलू काय. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही मनात हेच होतं बघ. अख्खा दिवस हात मागे बांधून फिरलो, शे-दीडशे फोटो काढले आणि घरी आलो, एका माणसाशी बोललो नाही. ते फोटो मी नंतर कधी उघडूनही बघितले नाहीत. तुझा दिवस तसा जाऊ नये एवढ्यासाठी हे पत्र.

आधी जागेबद्दल. आपल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवेने साधारण तासाभरात वॉल टाउनशिप येतं, तिथे इन्फोएज म्युझियम आहे, त्याच आवारात एप्रिलच्या सुमारास व्हीसीएफ ईस्ट, म्हणजे व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हलचं इथलं प्रदर्शन, भरतं, शुक्रवार ते रविवार. ही जागा म्हणजे लष्कराचा जुना कॅम्प इव्हान्स. त्याच्याही आधी तिथे मार्कोनीचं रेडिओ स्टेशन होतं, आणि १० जानेवारी १९४६ ला इथूनच चंद्राकडे रडारचा सिग्नल सोडला होता, अडीच सेकंदांनी तो चंद्रावर आपटून परत आला. त्याच आवारात तू कुणाच्या तरी अॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरसमोर उभी असणार, हे लक्षात ठेवून फिर. असे फेस्टिव्हल आता बऱ्याच ठिकाणी होतात, सुरुवात सेलम इस्माईल यांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात केली, माउंटन व्ह्यूला होतो, शिकागोच्या बाजूला होतो, म्युनिकलाही होतो, पण न्यू जर्सीचं वेगळेपण असं की इथून जवळच मरी हिलला बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रसिद्ध प्रयोगशाळा, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम तिथलीच. २०१९ च्या फेस्टिव्हलला युनिक्सवाल्या केन थॉम्पसन यांची मुलाखत झाली आणि मुलाखत घेणारे होते ब्रायन कर्निगन! ज्यांची नावं आपण पुस्तकाच्या कव्हरवर वाचतो ती माणसं तिथे साध्या खुर्चीत बसून गप्पा मारतात. म्हणून भाषणांचं वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेव, आणि दोनच निवड, बाकीचा वेळ टेबलांसाठी ठेव.

आता टेबलांचं. तिथे बहुतेक मशीन चालू असतात आणि हात लावायलाच ठेवलेली असतात. फक्त आधी विचार, बसू का, म्हणून. परवानगी मिळाली की बस आणि टाइप कर, चुकलं तरी चालतं. फ्लॉपी ड्राइव्हचा लाल दिवा लागलेला असेल तोवर फ्लॉपी ओढायची नाही, मशीन स्वतःहून बंद-चालू करायचं नाही, कॉफीचा कप टेबलाजवळ न्यायचा नाही, एवढं पाळलंस की झालं. आणि कृपा करून ते एक वाक्य बोलू नकोस, माझा फोन याच्यापेक्षा लाख पटीने फास्ट आहे वगैरे. त्या माणसाने ते सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेलं असतं आणि त्यानंतर बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा विचार की हे तुमच्याकडे आलं कसं, आणि चालू करताना सगळ्यात जास्त कशाने छळलं. या दोन प्रश्नांवर मी लोकांना अर्धा अर्धा तास बोलताना बघितलंय.

तू म्हणतेस मला काही येत नाही, तर अगं तेच तर तुझं भांडवल आहे. ज्याला सगळं माहितीये त्याला सांगण्यात कुणाला मजा येते. तुला एक प्रसंग सांगतो.

दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा एका टेबलावर आयबीएमचं ०२९ कीपंच मशीन होतं, कार्डाला भोकं पाडायचं (तेव्हा कॉम्प्युटरला माहिती अशा भोकांच्या कार्डांवरूनच द्यायचे), टेबलाएवढं मोठं, कीबोर्ड दाबला की खट्ट करून अख्खं टेबल हलायचं. मी माझं नाव टाइप केलं आणि स्पेलिंग चुकलं. आता कार्डावर भोक पडलं म्हणजे पडलं, ते बुजवता येत नाही, म्हणून मी कार्ड टाकून दुसरं घ्यायला लागलो. शेजारी एक आजी उभी होती, पांढरे केस, गळ्यात दोरीला चष्मा. ती म्हणाली, थांब, कार्ड वाया का घालवतोस. तिने माझं चुकलेलं कार्ड डावीकडच्या वाचायच्या जागेत सरकवलं, उजवीकडे कोरं कार्ड लावलं आणि डुप, म्हणजे डुप्लिकेट, लिहिलेली की दाबून धरली. जुन्या कार्डावरची भोकं जशीच्या तशी नव्यावर उमटायला लागली, खटखटखट, आणि चुकीच्या अक्षराच्या बरोब्बर आधी तिने बोट उचललं, योग्य अक्षर मारलं, परत डुप. झालं कार्ड तयार. कितवा कॉलम चाललाय ते दाखवणारा काटा मशीनवर असतो पण ती तिकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघून बोलत होती. मी विचारलं कुठे थांबायचं ते कळलं कसं, तर म्हणाली, कळतं आवाजावरून, अकरा वर्षं हेच केलंय मी.

हे मॅन्युअलमध्ये नाही गं. डुप कशाला असतं ते मॅन्युअलमध्ये आहे, बोट कधी उचलायचं ते त्या आजीच्या हातात आहे.

आणि तिथे उभ्या उभ्या मला माझी आत्या आठवली. दादरहून रोज लोकलने फोर्टात जायची, एका मोठ्या ऑफिसात पंच ऑपरेटर होती, आम्ही पोरं तिला टायपिस्टच समजायचो. दिवाळीला ती ऑफिसातली वाया गेलेली कार्डं आणायची आणि आम्ही त्यांचे आकाशकंदील करायचो, आत दिवा लावला की त्या भोकांतून भिंतीवर ठिपके पडायचे. ती गेली २०११ साली. तोवर मी या क्षेत्रात वीस वर्षं काढली होती, आणि मी तिला एकदासुद्धा विचारलं नाही की आत्या तू नक्की काय करायचीस, दिवसाला किती कार्डं, चुकलं तर काय. एकदासुद्धा नाही. म्हणून तुला इतकं कळकळीने सांगतोय की बाळा विचार, मशीन काय, जपून ठेवलं तर शंभर वर्षं राहील.

आता दुसरी गोष्ट, आपली. तिथे अमेरिकेचा इतिहास भरभरून असतो, कमोडोर ६४ हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर तर पावलापावलावर, पण भारतात कॉम्प्युटर कसा आला हे तिथे जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. मुंबईत टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला, १९६० साली तो कामाला लागला, २०४८ शब्दांची कोअर मेमरी, एकेक शब्द ४० बिटांचा, हे सांगितलं की लोक खुर्ची ओढून बसतात. आणि तुझ्या-माझ्यासारख्या साध्या माणसाचीही गोष्ट त्यांना हवी असते. १९८४-८५ ला सरकारने क्लास नावाची योजना काढली आणि शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर दिले, त्यात आमच्या शाळेलाही आले. चपला बाहेर काढून आत जायचं, खिडक्यांना पडदे, एका मशीनवर तिघं. चालू केलं की आधी एक जाड घरघर आणि मग बारीक बीप. एकदा फेस्टिव्हलला गर्दीत चालताना पाठीमागून तोच आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबलो. तीस वर्षांनी ऐकत होतो. एका इंग्लिश गृहस्थांनी बीबीसी मायक्रो आणला होता, खाली व्होल्टेज वाढवायचा ट्रान्सफॉर्मर, वर त्या दहा लाल कीज.

ते म्हणाले, बसा. मी बसलो आणि बोटांनी आपोआप जे टाइप केलं ते आमच्या सरांनी आठवीत शिकवलेलं. सर आलेखाच्या वहीत आठ बाय आठचा चौकोन आखायला लावायचे आणि त्यात एक मराठी अक्षर बसवायला सांगायचे. भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य, चौकोनांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १, मग प्रत्येक ओळीतल्या भरलेल्या चौकोनांची बेरीज. माझ्या वाट्याला ग आला होता. वरची शिरोरेघ आठही चौकोन भरून, म्हणजे २५५. मग डावी दांडी आणि उजवा काना, ३४, ३४, ३४. मग डावीकडची गाठ, ९८, ९८. आणि खाली नुसता काना, २, २. आधी स्क्रीनचा मोड १, कारण चालू केल्यावर येणाऱ्या मोड ७ मध्ये अक्षर बदलता येत नाही, आणि मग नवं अक्षर २२४ या नंबरवर बसवायची आज्ञा, व्हीडीयू २३,२२४,२५५,३४,३४,३४,९८,९८,२,२. नंतर व्हीडीयू २२४ दिलं आणि स्क्रीनवर ग उमटला. ते गृहस्थ वाकून बघायला लागले, म्हणाले हे काय आहे. मी म्हटलं हे माझ्या भाषेतलं अक्षर. त्यांनी बायकोला बोलावलं, शेजारच्या टेबलावरचे दोघं आले, आणि पुढचा तासभर मी कागदावर चौकोन आखून लोकांना क, म, न काढून दाखवत होतो, ळ मात्र आठ बाय आठमध्ये काही केल्या बसेना. आजही आमचा पत्रव्यवहार आहे, गेल्या वर्षी त्यांनी ळ चा एक प्रयत्न पाठवलाय, बरा आहे. आपले सर हयात असते तर त्यांना तो पाठवला असता. तू जाताना आलेख कागद घेऊन जा, खरंच सांगतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. विक्रीची खोली असते, तिथे गेल्यावर हात शिवशिवतात, पण पहिल्या वर्षी मशीन घेऊ नकोस. घ्यायचंच असेल तर मॅन्युअल घे, जुनी मासिकं घे. आणि मोहात पडून एखादं मशीन घेतलंसच तर घरी आल्या आल्या प्लग लावायचा नाही. मी एकदा लावला होता, दहा मिनिटं सगळं छान चाललं आणि मग पॉवर सप्लायमधून पिवळट धूर, मासळी जळल्यासारखा वास दोन दिवस घरात होता. जुने फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात, आधी झाकण उघडून बघायचं, आत बॅटरी असेल तर ती गळलीये का ते बघायचं. कमोडोर ६४ असेल तर त्याच्यासोबतचा जुना काळा वीटेसारखा सप्लाय वापरायचाच नाही, त्याचं पाच व्होल्ट वर गेलं की मेमरी चिप्स जातात, नवीन सप्लाय मिळतात ते घ्यायचे. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकची काळजी नको, तो नुसता रंग आहे.

आणि आता तुझ्या बाबांचा स्पेक्ट्रम, तो छोटा घरगुती कॉम्प्युटर. तू ओझरतं लिहिलंस की डोंबिवलीला माळ्यावर एका खोक्यात बाबांचा डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम आहे आणि सोबत कॅसेट. ओझरतं काय लिहितेस, मी खुर्चीतून उठलो वाचून! सिंक्लेअरचं लायसन घेऊन भारतात विकलेला स्पेक्ट्रम तो, इथे आणलास तर लोक रांग लावून बघतील. पण घाईने चालू करू नकोस. त्याचा सप्लाय ९ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह, नेहमीच्या अडॅप्टरच्या उलट, त्यामुळे घरातला दुसरा कुठला ९ व्होल्टचा अडॅप्टर खोचलास तर मशीन जाईल. इथल्या टीव्हीवर चित्रही येणार नाही, टीव्ही सिग्नलची पद्धत आपली पाल आणि इथली एनटीएससी. ते सगळं आपण माझ्याकडे बसून करू.

आधी कॅसेट. त्या काळी प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपातच साठवायचे. मशीन दुरुस्त होतं पण कॅसेटवरचं गेलं की गेलं. बाबांना सांग की कॅसेटमध्ये मधोमध पट्टीच्या मागे स्पंजचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडलाय का ते बघा. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळायची, म्हणजे टेप सुटी होते, आणि मग चांगल्या टेपरेकॉर्डरवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करायची, दोन्ही बाजू, वेव्ह फाइल, एमपी३ नको कारण त्यात आवाज कापला जातो आणि स्पेक्ट्रमला तो किंचाळ्यासारखा आवाज जसाच्या तसा लागतो. कॅसेटच्या कागदावर बाबांनी हाताने काय लिहिलंय त्याचाही फोटो मागव.

आज रात्री फोन करशील तेव्हा त्यांना विचार, बी साइडला काय होतं. गेम होते की त्यांनी स्वतः काही लिहिलं होतं. आणि बोलायला लागले की मध्ये तोडू नकोस, वहीत लिहून घे.

शनिवारी सकाळी साडेसातला तुझ्या अपार्टमेंटखाली येतो. जाड जॅकेट घे, ती जागा समुद्राजवळ आहे आणि जुन्या बराकींमध्ये एप्रिलमध्येही गारठा असतो. डब्यात मी थालीपीठं आणतोय, तू फक्त आलेख वही आण.

तुझा,
काका