नव्या कारखान्याचं कर्ज आणि १४ पीईचा ‘स्वस्त’ शेअर

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय ५३, खासगी नोकरी. आठ लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात संपते. वाहनांसाठी लोखंडी कास्टिंग बनवणाऱ्या एका कंपनीने चाकणला ९०० कोटींचा नवा कारखाना बांधला आहे. शेअर वर्षातल्या उच्चांकावरून ४० टक्के उतरला आहे आणि पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा) १४ आहे. ‘सगळे पैसे घालू का? दोन वर्षांनी मुलीच्या एमबीएची फी आहे. भाचा तिथेच अकाउंट्सला आहे, तो म्हणतो मशिनं आली, आता सुसाट.’ सोबत कंपनीचे आकडे पाठवले आहेत: विक्री १,४०० कोटी, एबिटा (व्याज, घसारा म्हणजे यंत्र-इमारतीच्या झिजेचा खर्च, आणि कर वजा जाण्याआधीचा नफा) १८० कोटी, करपश्चात नफा ७४ कोटी, कर्ज ९६० कोटी.

आठ लाख घालू नका. फीचे पैसे तर अजिबात नको. पण शेअर वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. तुम्ही ज्या नफ्यावर पीई काढलाय, त्या नफ्यात या कर्जाचं व्याज अजून आलेलंच नाही.

कारखाना बांधून होत असताना त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत नाही. लेखा मानक त्याला कारखान्याच्या किमतीतच धरायला सांगतं. सिमेंट, क्रेन, भट्टी यांच्याबरोबर व्याजही ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’ म्हणजे अपूर्ण कामाच्या ओळीत जाऊन बसतं. यात लबाडी काही नाही, नियमच तसा आहे. उत्पादनाला तयार म्हणून कारखाना खात्यावर चढला की त्या दिवसापासून व्याज थेट नफ्यातून जातं, आणि सोबत घसाराही सुरू होतो. म्हणजे नारळ फुटल्यानंतरच्या तिमाह्या सगळ्यात वाईट दिसतात. फीत कापतानाचा फोटो पाहून शेअर घेणारे नेमके इथे अडकतात.

तुमच्याच आकड्यांवर हे मांडून पाहू. ९६० पैकी ६३० कोटी नव्या कारखान्याचं टर्म लोन (हप्त्यांनी फेडायचं मुदत कर्ज), ३३० कोटी रोजच्या खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट (गरजेनुसार उचलायचं बँकेचं कर्ज). व्याज साडेनऊ टक्के धरलं तर वर्षाला अनुक्रमे ६० आणि ३१ कोटी. पत्रकात सध्या ३१ च दिसतात. १८० भागिले ३१, म्हणजे व्याजाच्या जवळजवळ सहापट एबिटा, छान वाटतं. खरं व्याज ९१ कोटी, म्हणजे जेमतेम दुप्पट. घसारा आज ५० कोटी आहे. यंत्रांचं आयुष्य साधारण १५ वर्षं, इमारतीचं ३० वर्षं धरून नव्या कारखान्याचे आणखी ५० कोटी येतील. उद्या कारखाना सुरू झाला आणि एकही ऑर्डर नसली तर १८० वजा ९१ वजा १००, म्हणजे ११ कोटी तोटा. ७४ कोटी नफा कमावणारी कंपनी तोट्यात, आणि जुन्या कारखान्यात काहीही बिघडलेलं नसताना!

आजच्या नफ्यावर परत यायलाच नव्या कारखान्याला ११० कोटी एबिटा आणावा लागेल. विक्रीवर १४ टक्के एबिटा, म्हणजे मार्जिन, धरलं तर सुमारे ७८५ कोटींची विक्री. पूर्ण क्षमतेला १,००० कोटी विक्री होईल असं कंपनी सांगते, म्हणजे जवळपास ७९ टक्के भरल्यावर आपण आज आहोत तिथे पोहोचतो. निम्मी क्षमता वापरली तर मार्जिन १४ टक्के मिळत नाही, कारण वेतन, विजेचा डिमांड चार्ज (मंजूर भारावरचा ठरावीक आकार), भट्टी तापलेली ठेवण्याचा खर्च काम कमी म्हणून कमी होत नाही. ५०० कोटींवर आठ टक्के धरा, ४० कोटी. एकूण एबिटा २२०. त्यातून व्याज ९१ आणि कर सुमारे ७ गेला, आणि मुद्दलाचा हप्ता सात वर्षांत ६३० कोटी म्हणजे वर्षाला ९० कोटी गेला, तर हातात ३२ उरतात. पण ५०० कोटींची नवी विक्री उभी करायला दोन महिन्यांची उधारी आणि माल धरला तरी ८० कोटी अडकतात. मग कंपनी एकतर कॅश क्रेडिट वाढवते किंवा नवे शेअर काढते. तुमचं नुकसान बहुधा या दुसऱ्या वाटेने, म्हणजे तुमचा वाटा पातळ होऊन होतं, कंपनी बुडून नव्हे.

पुण्याच्या सुझलॉनचं पाहा. तिचं कर्ज कारखान्यापेक्षा परदेशी कंपन्या घेण्यातून वाढलं, पण शेवट इथे लागू पडतो. २०१२ मध्ये परकीय चलनातल्या परिवर्तनीय (शेअरमध्ये बदलता येणाऱ्या) रोख्यांची परतफेड चुकली. कंपनी टिकली; २०२२ मध्ये ५ रुपयांनी १,२०० कोटींचा राइट्स (जुन्या भागधारकांना नवे शेअर), २०२३ मध्ये १७.५५ रुपयांनी २,००० कोटींची संस्थांना शेअरविक्री करून कर्ज उतरवलं. कंपनी सावरली, पण २००८ च्या सुरुवातीला चारशेच्या वर शेअर घेतलेल्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. रुची सोयाच्या दिवाळखोरीत तर जुन्या १०० शेअरचा एक झाला.

आता पीई १४ स्वस्त का नाही, तेही बघा. नफा ७४ कोटी, म्हणजे बाजारमूल्य साधारण १,०३६ कोटी. त्यात कर्ज मिळवलं की धंद्याची किंमत होते २,००० कोटी, एबिटाच्या ११ पट. कर्जाला हात लागत नसल्यामुळे धंद्याची किंमत दहा टक्के कमी झाली तर सगळे २०० कोटी भागधारकांच्या खिशातून जातात, शेअर १९ टक्के पडतो. वर जातानाही हाच पाळणा वर जातो, हे खरं.

कास्टिंगच्या धंद्यात ‘मशिनं आली’ याला फार अर्थ नसतो. गाड्या बनवणारा ग्राहक आधी नमुने तपासतो, मग चाचणीचा लॉट, मग पीपीएपी (भाग नियमित उत्पादनाला योग्य असल्याची ग्राहकाची) मंजुरी. साच्याचा पोत, सच्छिद्रता, मशिनिंगनंतर निघणारं रिजेक्शन यात महिने जातात, काही भागांना वर्ष उलटतं. या काळात भट्टी चालू, व्याज चालू, बिल मात्र नाही. ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणजे ऑर्डर द्यायचा इरादा कळवणारं पत्र, ऑर्डर नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

तपासायचं काय? वार्षिक अहवाल उघडून मालमत्तेच्या टिपेत यावर्षी किती व्याज भांडवलात धरलं तो आकडा शोधा. वरचं ६० कोटी माझं अनुमान आहे, तिथे खरं मिळेल. त्याच्याजवळ अपूर्ण कामाचं वय दाखवणारं कोष्टक असतं. दोन-तीन वर्षांच्या रकान्यात मोठी रक्कम दिसली तर काम रेंगाळलंय. मग लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या जोडपत्रात कलम नऊ वाचा. हप्ता चुकला का, आणि अल्पमुदतीचे पैसे दीर्घकालीन कामाला वापरले का, हे तिथे लिहिणं बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट आढळली तर मी तिथेच थांबेन. कॅश क्रेडिटमधून भट्टी विकत घेणं हे घरखर्चाच्या क्रेडिट कार्डवर फ्लॅट घेण्यासारखं आहे. क्रिसिल, इक्रा किंवा केअर या कर्जफेडीची पत मोजणाऱ्या संस्थांपैकी ज्यांचं रेटिंग असेल त्यांच्या संकेतस्थळावरचं रेटिंगपत्र फुकट मिळतं. त्यात पहिला हप्ता कधी आणि रेटिंग कशामुळे खाली येईल हे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रवर्तकांचे शेअर तारण आहेत का, ते एक्सचेंजवर दर तिमाहीला दिसतं. आणखी एक: नफ्यात राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतलं येणं धरलं असेल तर ते वजा करून पाहा, कारण कागदावर ते आलेलं असतं, बँकेत नसतं.

भाच्याचं बोलणं वेगळं सांगतो, कारण यात तुम्ही दोघंही अडकू शकता. जाहीर न झालेली ऑर्डर किंवा तिमाहीचा आकडा त्याने सांगितला आणि तुम्ही शेअर घेतला, तर सेबीच्या २०१५ च्या इनसायडर नियमांखाली तो भेदी व्यवहार ठरतो. अकाउंट्समधल्या माणसाने कंपनीच्या शेअरबद्दल बोलूच नये. त्याला विचारू नका.

माझा हिशेब असा. या शेअरमध्ये जास्तीत जास्त ७५ हजार, आणि तेही आज नाही. कारखाना खात्यावर चढल्यानंतरच्या दोन तिमाह्यांचे निकाल येऊ द्या. दुसऱ्या तिमाहीत क्षमता ४५-५० टक्क्यांवर, एबिटा व्याजाच्या अडीचपट आणि कॅश क्रेडिट वाढलेलं नाही, एवढं जमलं तर २५ हजार. उरलेले दोन हप्ते त्याच कसोटीवर पुढच्या दोन तिमाह्यांना. या वेळेपर्यंत शेअर १५-२० टक्के वर गेलेला असू शकतो. तो मी चाचणीचा खर्च म्हणून देईन. आणि नवा शेअर काढल्याची घोषणा झाली तर पुढचा हप्ता थांबवून त्याचा भाव बघा.

बाकी सव्वासात लाखांतून फीची रक्कम दोन वर्षांच्या मुदत ठेवीत, पण एकाच बँकेत नको. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंतच मिळतो, त्यामुळे दोन बँकांत साडेतीन-पावणेचार लाख असे टाका. पावती प्रवेशाच्या महिनाभर आधी संपेल अशी मुदत निवडा. आणि बँकेला आजच सांगा की जुनी ठेव आपोआप नूतनीकरण करू नये.