मुंबई गाठायच्या आधी सोलापुरात हे करून बघ

तुझं स्किट वाचलं. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती सगळं करायला मुंबईला जायचंय, हेही कळलं. विषय चांगला आहे, पण पात्रं सगळी पुण्याची वाटतात. तुझ्या कानावर रोज 'काय करलालास बे?' पडतं, ते कागदावर का नाही? मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका गल्लीत ऐकू येणारं हे गाव म्हणजे विनोदी लेखकाची मोठी ठेव आहे. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस खडखडाटात ओरडून बोलायला शिकतो. आता त्याला बायकोच्या कानात गुपित सांगायचंय आणि आवाज काही खाली येत नाही! अख्खी चाळ ऐकते. बघ, प्रसंग उभा राहिला. विनोद माणसाच्या अडचणीतून येऊ दे, त्याच्या जातीवर, रंगावर, अंगावर नको. हे मी कळकळीने सांगतोय.

हशा ज्या शब्दावर हवा, तो वाक्याच्या शेवटी ठेव. त्यानंतर एक अक्षरही नको. नटांकडून मोठ्याने वाचून घे. जिथे ते अडखळतात, तिथे दोष बहुतेक वेळा लेखनात असतो.

दिग्दर्शन आणि निर्मितीची घाई करू नकोस. टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मागची सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ही जोडी बघ, एकाची ओळख दिग्दर्शनाची, दुसऱ्याची लेखनाची. असा जोडीदार शोध. वाहिनीला दर आठवड्याला नवं लागतं, एकट्याचा दम पुरत नाही. आपल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एकांकिका असतील तेव्हा विंगेत काम माग, पैसे नसले तरी.

आणि संहिता कुणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, म्हणजे पटकथा लेखकांच्या संघटनेकडे, नोंदव. ऑनलाइन होते.