वसुली प्रतिनिधी माझ्या कार्यालयात फोन करतो, त्याला तसा अधिकार आहे का?

वैयक्तिक कर्जाचे तीन हप्ते थकल्यापासून वसुली प्रतिनिधी आपल्या कार्यालयाच्या फोनवर रोज विचारणा करतो आणि परवा त्याने मनुष्यबळ विभागातील बाईंनाच थकबाकीचा आकडा सांगून टाकला. हे नियमात बसते का आणि यामुळे पगार अडकेल का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे एका बँकेच्या वसुली विभागात नोकरी केली असल्यामुळे हा प्रकार पलीकडच्या टेबलावरून पाहिलेला आहे. उत्तराचा पहिला भाग आपल्याला रुचणार नाही.

कार्यालयात संपर्क साधण्यावर सरसकट बंदी नाही. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना संहितेवरून बहुतेक बँकांनी आपले वसुली धोरण तयार केले आहे. त्यानुसार कर्जदाराशी त्याने सांगितलेल्या ठिकाणी संपर्क साधावा, त्याने ठिकाण सांगितले नसेल तर घरी, आणि घरी तो भेटत नसेल तर नोकरीच्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी, असा क्रम आहे. म्हणजे मोबाईल उचलणे बंद केलेल्या आणि घरी न सापडणाऱ्या कर्जदाराच्या कार्यालयात फोन लावला, तर बँकेला सांगायला कारण मिळते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच मुद्द्यावर लुळ्या पडत. म्हणून आजच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून, आपल्याशी अमुक क्रमांकावर, अमुक वेळेत आणि अमुक पत्त्यावरच संपर्क साधावा, कार्यालयात साधू नये, असे स्पष्ट लिहा; आणि त्यानंतर तो फोन उचलतही जा.

आकडा सांगण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने धमकी, छळ, चारचौघांत अपमान होईल असे वर्तन, कुटुंबीय, मित्र आणि संदर्भासाठी नावे दिलेल्या व्यक्ती यांच्या खाजगीपणावर आक्रमण, सतत फोन करणे, तसेच सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करणे, या सर्वांना मनाई केली आहे. वेळेच्या नियमाचा कार्यालयातील फोनांविरुद्ध फारसा उपयोग नाही, कारण बहुतेकांची कचेरीची वेळ त्या अकरा तासांतच येते. आपली बाजू ‘सतत’ आणि ‘अपमान’ या दोन शब्दांवर उभी राहते. “त्यांना मला फोन करायला सांगा” एवढा निरोप ठेवणे आणि मनुष्यबळ विभागाला थकबाकी ऐकवणे यांत माझ्या मते स्पष्ट अंतर आहे, आणि दुसऱ्या गोष्टीचे समर्थन करणारा अधिकारी मी तरी पाहिलेला नाही. आपला एखादा सहकारी कर्जाला जामीनदार असेल, तर त्याला विचारण्याचा हक्क बँकेला आहे, हे मात्र लक्षात असू द्या.

पगाराविषयी सांगायचे, तर प्रतिनिधीच्या फोनवरून किंवा पत्रावरून कंपनी पगार कापू शकत नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा आणि जप्तीचा आदेश लागतो, आणि तेव्हाही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पगारातील पहिले 1000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीतून वगळलेला असतो. कर्ज पगारदार पतसंस्थेचे असते, तर चित्र बदलले असते: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 खाली सभासदाने करून दिलेल्या करारावरून मालक पगारातून थेट कपात करतो, आणि ती सही आपण कर्ज घेताना केलेली असते.

तक्रारीसाठी पुरावा आताच जमवा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या क्रमांकावरून फोन आला आणि काय बोलणे झाले, याची नोंद फोन घेणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घ्या. त्या बाईंनी दोन ओळींचा ईमेल दिला तर फारच उत्तम. प्रतिनिधी स्वतः आला, तर ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा, कारण ते जवळ बाळगण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच घातले आहे. त्याच सूचनांत असेही आहे की, कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ती निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, अपवाद फक्त बँकेला पोकळ वा त्रास देण्यासाठी केलेल्या वाटणाऱ्या तक्रारींचा. लेखी तक्रारीचे खरे वजन येथे आहे. फोनवर घातलेल्या वादाला ते नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार मात्र तेथे चालत नाही, ती सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात न्यावी लागते. मारण्याची किंवा बदनामीची धमकी दिली गेली असेल, तर बँकेच्या उत्तराची वाट न पाहता पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली तक्रार द्या, आणि तिची पोच घेतलेली प्रत बँकेलाही पाठवा.